धम्मपदातील ‘कोळी’ : एका शब्दाचा अभ्यास

वर्षावासातील एका रविवारी आमच्या विहारात धम्मपदाच्या तण्हावग्गाचे वाचन चालू होते. पाली गाथा सर्वांनी म्हणायची आणि मग मी तिचा मराठी अर्थ वाचायचा, अशी आमची पद्धत आहे. ३४७ व्या गाथेपाशी आलो. आसक्तीत रंगलेली माणसे तृष्णेच्या प्रवाहात कशी सापडतात हे सांगताना तथागतांनी तेथे कोळ्याची आणि त्याने स्वतःच केलेल्या जाळ्याची उपमा दिली आहे. मी अर्थ वाचला आणि पुढच्या गाथेकडे वळणार, तोच मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजींनी विचारले, “मास्तर, कोळी आपल्याच जाळ्यात कसा पडंल? आमच्या बंदरावरचे कोळी तर माशाला जाळ्यात घालतात आन् बाजारात इकतात.”

सगळे हसले. मीही हसलो. “आजी, हा मासेवाला कोळी नव्हे, भिंतीवरचा कोळी,” असे सांगून मी वाचन पुढे नेले. परंतु घरी परतताना माझे मलाच वाईट वाटू लागले. आजींचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. शब्दाचा अर्थ बदलला तरी प्रश्न तसाच उरत होता. भिंतीवरचा कोळी तरी आपल्या जाळ्यात कोठे अडकतो? जाळ्यात अडकते ती माशी, कोळी तर त्यावर सुखाने फिरतो. मग भगवंतांनी असे का म्हटले? इतकी वर्षे ती गाथा म्हणत असूनही मी हे कधी स्वतःला विचारले नव्हते. त्यानंतर जी थोडीफार पुस्तके चाळली, त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

प्रथम शब्द पाहू या. मराठीत ‘कोळी’ हा शब्द निदान दोन अर्थांनी चालतो. जाळे विणणारा आठ पायांचा प्राणी तो एक कोळी आणि मासेमारी करणाऱ्या समाजाचा माणूस तो दुसरा. किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाच्या मनात शब्द ऐकताच दुसरा अर्थ येतो. विदर्भात मासेमारी करणाऱ्यांना ढीवर, भोई म्हणतात, म्हणून तिकडच्या श्रोत्यांना आजींसारखी शंका येणार नाही. देशावरच्या जुन्या गावगाड्यात कोळी हा पाणी भरणारा बलुतेदार होता. त्याने भरलेले पाणी साऱ्या गावाला चाले आणि आपल्या आजोबा-पणजोबांना मात्र पाणवठ्याला हातही लावता येत नसे. म्हणूनच २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. शेतकऱ्यांच्या तोंडी ‘लाल कोळी’ आणखी निराळा. तो वांग्या-भेंडीच्या पानांमागे बसून रस शोषणारा बारीक जीव. तोही आठ पायांचा, पण जाळे लावून शिकार करणारा नव्हे.

संस्कृतात ‘कौलिक’ म्हणजे विणकर आणि उत्तरेत ‘कोरी’ ही विणकरांची जात आहे. संत कबीर स्वतःला कधी जुलाहा तर कधी कोरी म्हणवून घेतात. बुद्ध, कबीर आणि फुले या तिघांना बाबासाहेबांनी गुरू मानले आणि त्यांचे वडील रामजी सुभेदार हे कबीरपंथी होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. अमरकोशात या प्राण्याला चार नावे दिली आहेत : लूता, तंतुवाय, ऊर्णनाभ आणि मर्कटक. यातील ‘तंतुवाय’ म्हणजे सरळसरळ सूत विणणारा. माणसातल्या विणकरालाही हाच शब्द आहे. इंग्रजी ‘स्पायडर’ हा शब्दही सूत कातणे या अर्थाच्या ‘स्पिन’ शी नाते सांगतो. म्हणजे दूरदूरच्या लोकांनी या प्राण्याकडे पाहिले, तेव्हा त्यांना प्रथम त्याचे विष दिसले नाही, त्याची कारागिरी दिसली.

येथे एक सावधगिरीची सूचना करतो. आपल्यापैकी काही उत्साही मंडळी ‘कोळी’ आणि शाक्यांचे शेजारी ‘कोलिय’ हे शब्द सारखे दिसतात म्हणून कोळी समाजाला थेट महामायेच्या माहेरचा ठरवून टाकतात. भाषणात टाळ्या मिळतात, पण शब्दाचे नुसते सारखेपण हा पुरावा नव्हे. कोलियांचे आपल्या अभ्यासातील महत्त्व निराळ्या कारणाने आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत तंटा झाला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यातून त्याच्या गृहत्यागाचा प्रसंग आला, ही मांडणी बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात केली आहे. ती वाचावी.

आता मूळ पाली शब्दाकडे येऊ. गाथेत शब्द आहे ‘मक्कटक’. पालीत ‘मक्कट’ म्हणजे माकड. आपल्या मराठीतले ‘माकड’ही ‘मर्कट’ यावरूनच आले. शेवटी एक ‘क’ लागला की अर्थ होतो कोळी. घाईने वाचणारा विद्यार्थी येथे हमखास घसरतो आणि माकडाला जाळ्यात टाकतो. एका ‘क’ ची ही किंमत आहे. पाली शिकायचा कंटाळा करणाऱ्या तरुणांना मी हे उदाहरण नेहमी देतो. बाबासाहेबांनी एवढ्या धकाधकीच्या आयुष्यात पाली व्याकरण आणि पाली शब्दकोशाचे काम हाती घेतले होते. ते महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध केले. तो खंड ज्या विहारात असेल तेथे तो कपाटात कुलूपबंद ठेवू नये.

गाथेतील दुसरा महत्त्वाचा शब्द ‘सयंकत’, म्हणजे स्वतः केलेले. या शब्दावर पुढे येतो. आधी आजींचा प्रश्न सोडवू.

धम्मपदाच्या अट्ठकथेत ही गाथा खेमा थेरीच्या संबंधाने सांगितली आहे. खेमा ही मद्द देशातील सागल नगरीची, राजा बिंबिसाराची राणी. रूपाने फार देखणी आणि त्या रूपाचा तिला मोठा अभिमान. भगवान बुद्ध रूपाचे दोष दाखवतात असे कानावर आल्याने ती त्यांच्याकडे जायचे टाळी. शेवटी बिंबिसाराने युक्तीने तिला वेळुवनात जायला लावले. तेथे तिला एक अतिशय सुंदर तरुणी तथागतांना वारा घालताना दिसली. पाहता पाहता ती तरुणी प्रौढ झाली, म्हातारी झाली आणि खाली कोसळली. अट्ठकथा हा ऋद्धीचा प्रभाव मानते. आपल्याला चमत्काराची गरज नाही. जे साठ वर्षांत प्रत्येक शरीराचे होते ते खेमेला एका क्षणात कळले, एवढे घेतले तरी पुरे. पुढे हीच खेमा प्रज्ञावंत भिक्षुणींमध्ये अग्रगण्य ठरली आणि कोसल देशाच्या पसेनदी राजाने तिच्यापुढे बसून अवघड प्रश्न विचारले.

ही कथा सांगताना अट्ठकथाकार कोळ्याच्या उपमेचा जो खुलासा करतो, त्यात आजींच्या प्रश्नाचे उत्तर आहे. तो म्हणतो की कोळी जाळे करून त्याच्या मधोमध बसतो. कडेला एखादा कीटक अडकला की वेगाने धावत जातो, त्याचा रस पितो आणि परत येऊन त्याच जागी बसतो. बस्स, एवढेच. जाळ्याला कोळी चिकटला असे त्यात कोठेही म्हटलेले नाही.

आजचे प्राणिशास्त्र याला दुजोराच देते. चक्रासारखे जाळे करणाऱ्या कोळ्यांच्या जाळ्यात मधून कडेला जाणारे धागे कोरडे असतात आणि गोल गोल फिरणारा धागा चिकट असतो. कोळी आपल्या पायांची टोके बेताने टाकत चालतो, म्हणून अडकत नाही. तो शिकार चावून गिळत नाही, तिच्यात पाचक रस सोडून तिचा द्रव शोषून घेतो. अट्ठकथेतील ‘रस पितो’ हे शब्द अगदी बरोबर आहेत. भिंतीपाशी बसून कोणीतरी नीट पाहिले असले पाहिजे.

तेव्हा कोळ्याचे बंधन चिकटण्याचे नाही, धावण्याचे आहे. धागा हलला की धाव, रस पी, परत ये, पुन्हा वाट पाहा. दार उघडे आहे, पाय मोकळे आहेत, पण तो जात नाही. जाणार कोठे, सगळे जग त्याने त्या वीतभर जागेत मांडले आहे. दारूच्या गुत्त्यावरून घरी आणि घरून गुत्त्यावर जाणाऱ्या माणसाला कोणी दोरीने बांधलेले नसते. पगाराच्या दिवशी आकडा लावणाऱ्यालाही नसते. आणि केवळ व्यसनी माणसांकडे बोट दाखवून चालणार नाही. मी शिकलो, नोकरीला लागलो, तेव्हा हप्त्याने एक वस्तू घेतली, तिचे हप्ते फिटायच्या आत दुसरी घेतली. धागा हलला की मी धावत होतो. खेमेचा धागा आरशाचा होता, माझा दुकानाच्या काचेचा.

हाच कोळी उपनिषदांतही आहे, आणि तेथे त्याचा उपयोग अगदी निराळा केला आहे. नवदीक्षित कुटुंबांनी हा फरक नीट ध्यानी घ्यावा. कारण ‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ असे गोड बोलणारे शेजारी आपल्याला पदोपदी भेटतात. मुंडक उपनिषद म्हणते की ऊर्णनाभ जसा आपल्यातून धागा काढतो आणि परत आत घेतो, तसे त्या अविनाशी तत्त्वातून हे विश्व निघते. बृहदारण्यकात आत्म्यातून सर्व प्राण, लोक आणि देव निघतात हे सांगायला हाच कोळी येतो. श्वेताश्वतरात तो एक देव कोळ्यासारखा स्वतःला धाग्यांनी झाकून घेतो. म्हणजे तेथे कोळी हा विश्वाच्या कर्त्याचा नमुना आहे. धम्मात तो कर्त्याचा नमुना नाही. तो तुमच्या-माझ्या मनाचा नमुना आहे.

उपनिषदकारांचे निरीक्षण चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. पुष्कळ कोळी आपले जुने जाळे खाऊन टाकतात आणि नवे विणतात, तेव्हा ‘धागा परत घेतो’ हे खरे आहे. चूक आहे ती अनुमानात. कोळ्याच्या पोटातून सूत निघते हे दिसले, पण पोटात ते कोठून आले हे विचारले गेले नाही. पकडलेल्या माशीतूनच पुढचे सूत तयार होते. माशी नसेल तर सूत नाही. सूत नसेल तर जाळे नाही आणि जाळे नसेल तर माशी नाही. एकातून दुसरे, दुसऱ्यातून पहिले. जो दाखला विश्वाच्या स्वयंभू कर्त्यासाठी दिला, तोच नीट पाहिला तर प्रतीत्यसमुत्पादाचा दाखला ठरतो. आणि क्षणभर मानले की हे सारे विश्व ब्रह्माने आपल्या पोटातून विणले, तर मग अस्पृश्यतेचा धागा कोणाच्या पोटातून निघाला? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांची सुरुवात ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, अशी आहे. ती नुसत्या रागाची प्रतिज्ञा नाही, तिच्यामागे हा विचार आहे.

आता ‘सयंकत’ या शब्दावर येतो, कारण त्याचा फार मोठा गैरवापर होऊ शकतो. जाळे स्वतः केलेले आहे, असे तथागत म्हणतात. हे ऐकून कोणी आपल्याला म्हणेल, “पाहा, तुमचे बुद्धही हेच सांगतात. तुमची गरिबी, तुमची जात, हे तुमच्याच कर्माचे फळ.” एका शिकलेल्या गृहस्थाने मला शिक्षकांच्या खोलीत हे अगदी हसत हसत ऐकवले आहे. त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हते. आज आहे. गाथा तण्हावग्गात आहे, तृष्णेविषयी आहे. माझी हाव मी विणलेली आहे, हे मला मान्य. परंतु माझ्या आजोबांच्या गळ्यात मडके मी विणले नाही, माझ्या आजोबांनीही विणले नाही. ते बाहेरून टाकलेले जाळे होते. माणसाची या जन्मातील सामाजिक अवस्था त्याच्या पूर्वजन्मीच्या पापाने ठरते, या कल्पनेला बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात सडेतोड विरोध केला आहे. तशी कल्पना गोरगरिबांच्या दुःखाची जबाबदारी समाजावरून आणि राज्यावरून काढून घेते, हे त्यांनी ओळखले होते.

म्हणून आजींची ती ‘चूक’ मला आता फार मोलाची वाटते. मराठीने दोन कोळ्यांना एकच नाव दिले आहे, पण त्यांची जाळी दोन तऱ्हेची आहेत. एक आतून काढलेले, दुसरे बाहेरून टाकलेले. बाहेरून टाकलेले जाळे एकटा मासा फाडू शकत नाही. त्यासाठी संघटना लागते, कायदा लागतो, शाळा लागते. आतून काढलेले जाळे दुसरा कोणी तोडून देत नाही. बाबासाहेबांनी राज्यघटनाही दिली आणि धम्मही दिला. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही, हे ते जाणून होते.

मासेवाला कोळीही तिपिटकात आहे, हे ऐकून आजी खूश झाल्या. दीघनिकायाचे पहिलेच सुत्त ब्रह्मजाल. त्यात भूतकाळाविषयी १८ आणि भविष्याविषयी ४४, अशा ६२ मतांची तपासणी आहे. शेवटी उपमा आहे ती अशी की कुशल ‘केवट्ट’, म्हणजे मासेमार, लहानशा तळ्यावर बारीक छिद्रांचे जाळे पसरतो, तेव्हा तळ्यातले सगळे मोठे जीव त्यात सापडतात, त्याचप्रमाणे ही सारी मते या जाळ्यात सापडली आहेत. गंमत पाहा, त्या ६२ मतांत जगाच्या कर्त्याचे मतही आहे. रिकाम्या ब्रह्मविमानात एक प्राणी प्रथम जन्मतो. एकटेपणाला कंटाळून आणखी कोणी असावे अशी इच्छा करतो. पुढे आपापल्या कारणाने दुसरे तेथे येतात आणि हा समजतो की मीच यांना निर्माण केले. तेही तसेच समजतात, कारण हा त्यांच्या आधीपासून तेथे असतो! अशा रीतीने उपनिषदातला कोळी तथागतांच्या कोळ्याच्या जाळ्यात सापडतो.

भिंतीवरचा कोळीही धम्मात नेहमी दोषाचाच दाखला नसतो. मिलिंदपञ्हात ग्रीक राजा मिलिंद आणि भदंत नागसेन यांचा संवाद आहे, तोही खेमेच्या सागल नगरीतच. त्यात साधकाने कोणाकोणाकडून कोणता गुण घ्यावा याची मोठी यादी आहे आणि वाटेवर जाळे पसरणारा कोळी त्या यादीत आहे. तो जाळे पसरून बसतो आणि जो किडा किंवा माशी लागेल तिला तेथेच खातो. तसे साधकाने डोळा, कान, नाक, जीभ, काया आणि मन या सहा दारांवर स्मृतीचे जाळे पसरावे आणि विकाराची माशी लागली की तेथल्या तेथे तिचा निकाल लावावा. कोळी तोच, धावणे तेच, पण येथे तो रस प्यायला धावत नाही. म्हणून उपमा वाचताना जाळे कोणी पसरले आणि कशासाठी, हे दर वेळी विचारावे. नुसता ‘कोळी’ शब्द पाहून अर्थ ठरवू नये.

घरातल्या माताभगिनींसाठी आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे अंगावर जळजळणारे फोड उठले की ‘कोळी मुतला’ म्हणायचे आणि भगताकडे उतरवायला जायचे, ही रीत आपल्या वस्त्यांतून पुरती गेलेली नाही. संस्कृतातही ‘लूता’ म्हणजे कोळी आणि एक त्वचारोगही, एवढी ही समजूत जुनी आहे. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक भुंगेरा अंगावर चिरडला की त्याच्या विषारी रसाने असे चट्टे उठतात. पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर ती बहुधा नागीण असते आणि ती कांजिण्यांच्या विषाणूपासून होते. दोन्हींत कोळ्याचा काही संबंध नाही आणि मंत्राचाही नाही. चट्टा साबणपाण्याने धुवावा आणि दवाखाना गाठावा. नागिणीच्या औषधाला उशीर चालत नाही, आणि डोळ्याजवळ फोड असतील तर मुळीच नाही.

दुसरी गोष्ट ‘जळमट’ या शब्दाची. कोळी राहतो ते जाळे. कोळी निघून गेला, धूर-धूळ बसून काळे पडले, लोंबू लागले, की ते जळमट. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधी आपण बांबूला झाडू बांधून ती काढतो. काढताना जिवंत कोळी दिसला तर त्याला मारू नये, कागदावर घेऊन बाहेर सोडावा. पहिले शील त्याच्यासाठीही आहे, शिवाय तो घरातले डास खातो. मला या शब्दाचे नेहमी नवल वाटते. देव्हारा हलवून कित्येक वर्षे झाली, भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा आल्या, पण मुलगी दहावीला बसली की दारावर लिंबू-मिरची टांगली जाते. सून अमावस्येला माहेरी निघाली की अडवली जाते. कोणासाठी, असे विचारले तर घरात कोणालाच सांगता येत नाही. कोळी केव्हाच गेलेला असतो.

पुढच्या रविवारी मी तीच गाथा पुन्हा घेतली आणि आजींना पुढे बसवून हे सारे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “मंग पुस्तकात तसं ल्ह्या की, मास्तर. पुढचा वाचणारा पुन्हा आमच्या बंदरावर जायचा.” विहाराच्या प्रतीत मी ‘कोळी’ शब्दापुढे पेन्सिलीने ‘कीटक’ असे लिहू लागलो, तर सातवीतला एक मुलगा म्हणाला, “सर, कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ.” मी ‘कीटक’ खोडले. आता तेथे ‘भिंतीवरचा, आठ पायांचा’ असे लिहिलेले आहे.